साहेबांच्या फ्रीजमधल्या डब्या

आमच्या कंपनीत नीतिमत्तेचं प्रशिक्षण झालं होतं. पुण्याहून टाय लावलेला एक गृहस्थ आला होता. मेहकरच्या एका हॉटेलातल्या हॉलमध्ये, जिथे आदल्या दिवशी कुणाचं तरी बारसं झालं होतं आणि फुगे अजून पंख्याला लटकत होते, त्यानं आम्हाला दिवसभर शिकवलं. सहकाऱ्याशी प्रामाणिक राहावं. चूक झाली तर मान्य करावी. आपलं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू नये. आमचे साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. मध्येच उठून त्यांनी सांगितलं, की ही मूल्यं शिकवून येत नाहीत, ती रक्तातच असावी लागतात. टायवाल्याला गहिवरून आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र पंख्याचे फुगे मोजत बसले, कारण साहेबांच्या रक्तात काय आहे हे मला त्याच महिन्यात समजलं होतं.

मी बियाण्याच्या एका कंपनीत नोकरी करते. घर मेहकरला, काम दुसरबीडच्या बाजूला. सकाळी स्कूटी काढायची आणि एका शेडनेटमधून दुसऱ्या शेडनेटमध्ये फिरायचं. त्या बाजूला रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला वाटतं, जाळीच्या या घरांमध्ये भाजी पिकते. भाजी नव्हे, बियाणं पिकतं, आणि टमाट्याचं संकरित बियाणं अक्षरशः हातानं घडवावं लागतं. उद्या उमलेल अशी कळी आज चिमट्यानं उघडायची, तिच्या आतले तिचे स्वतःचे पराग काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग बोटानं लावायचे. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. हे काम बायकांचं. ऐन हंगामात सकाळपासून पाठीचा काटा ढिला होईपर्यंत त्या तेच करतात.

कळीचे स्वतःचे पराग काढायचे राहिले, तर ती आपल्याच परागांनी फळते आणि बियाणं निघतं ते थेट मादी झाडासारखं, म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं कचरा. त्याला सेल्फ म्हणतात. आमच्या धंद्यात एखाद्या टोळीला शिवी द्यायची असेल तर 'त्यांच्याकडून सेल्फ होतं' एवढं म्हटलं की पुरे. मग त्या बायकांना कुणी नेटमध्ये पाऊल ठेवू देत नाही.

माझ्याकडे ज्या टोळ्या होत्या, त्यात एका मावशींची टोळी सगळ्यांत चोख. मावशी म्हणजे मुकादमीण. मला त्या मॅडम म्हणायच्या, मी त्यांना मावशी. दुसरबीडपासून जवळच एका गावात विहारामागे त्यांची वस्ती आहे. सगळ्या बायका तिथल्याच. नेटमध्ये शिरायच्या आधी मावशी दारात उभ्या राहून एकेकीची नखं बघायच्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकवायला लावायच्या, आणि तंबाखू खाणारीला साबणानं हात धुवायला परत पाठवायच्या, कारण तंबाखूच्या हातानं झाडाला रोग लागतो. एकदा त्यांनी स्वतःच्या सुनेला दिवसभर बांधावर बसवून ठेवलं होतं, नखं कापली नव्हती म्हणून. त्या टोळीचं नाव होतं. मोठे शेतकरी आपली गाडी पाठवून तिला घेऊन जायचे. मावशींनी हे नाव हातानं कमावलं होतं, आणि ते गेलं तर त्या बायकांना पुढे काय होतं, तर सोयाबीनचं निंदण नाहीतर कोयता घेऊन उसाच्या मुलखात जाणं. वस्तीतली अर्धी पोरं शाळेत टिकली होती ती आया घरी राहत होत्या म्हणून.

आता साहेबांकडे येते. साहेब म्हणजे माझे वरिष्ठ. क्रॉसिंगचं त्यांना स्वतःला फारसं येत नव्हतं. कळी हातात धरली तर ती मोडणारच. पण परागांचं खातं त्यांनी आपल्या मुठीत ठेवलं होतं. कोणत्या नराचे पराग कोणत्या मादीला लावायचे हे कंपनीचं गुपित असतं, आणि गुपित सांभाळणाऱ्या माणसाला आपण फार मोठे आहोत असं वाटायला वेळ लागत नाही. नराच्या प्लॉटची किल्ली त्यांच्याच खिशात. पराग गोळा करायला कुणी सोबत आलं तर भुवया चढायच्या. सकाळी जीपमधून उतरायचे, खिशातून डबी काढायचे, आणि अशा थाटात मावशींच्या हातात द्यायचे की जणू तीर्थ वाटतायत. डबीला रंगीत दोरा बांधलेला असायचा, लाल दोऱ्याची या नेटची, हिरव्या दोऱ्याची शेजारच्या नेटची. दोन नेटमध्ये दोन वेगळ्या जाती, म्हणून दोन वेगळे नर. डबीत पाहिलं तर दोन्हीकडे तीच पिवळी भुकटी. दोऱ्याशिवाय ओळखायचा दुसरा मार्ग नाही, ब्रह्मदेवाला बोलावलं तरी नाही.

त्या वर्षी ऐन क्रॉसिंगमध्ये साहेबांचा सत्कार ठरला. कशाबद्दल, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. आपल्याकडे सत्काराला कारण लागत नाही, शाल विकत घेणारा एक आणि पाठ पुढे करणारा एक असला की झालं. मेहकरच्या कुठल्याशा मंडळानं ठरवलं, चौकात फ्लेक्स लागला, फ्लेक्सवर साहेब गॉगल घालून हात जोडून उभे. सत्काराआधी चार ठिकाणी जाऊन आमंत्रणं द्यायची, कपडे शिवायचे, फेटा बघायचा, म्हणून त्यांनी त्या आठवड्याचे पराग आधीच काढून घरच्या फ्रीजमध्ये ठेवून दिले. फ्रीजमध्ये ठेवले तर थोडे दिवस टिकतात, त्यात काही वावगं नाही. पण सत्काराच्या दिवशी घरात पाहुणे, पेढ्यांची खोकी, बासुंदीचं पातेलं. वहिनींनी जागा करायला डब्या बाहेर काढल्या, पुन्हा आत ठेवल्या, आणि त्या गडबडीत दोरे भिजून सुटून खाली पडले. त्या माउलीचा काही दोष नाही. बासुंदी ठेवायच्या फ्रीजमध्ये नवरा कंपनीचं गुपित ठेवतो हे तिला कुणी सांगितलं होतं?

साहेबांनी काय करावं? डब्या फेकून द्याव्यात, प्लॉटवर जाऊन नवे पराग काढावेत. एका सकाळचं काम होतं. पण अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा होता. मग त्यांनी डब्यांची झाकणं उघडून पाहिलं आणि अंदाजानं दोरे बांधले.

हे मला कुणाकडून चोरून कळलं असं नाही. साहेबांनीच सांगितलं, सत्कारानंतर दोन-तीन दिवसांनी, रस्त्यावरच्या हॉटेलात भजी खाताना. मी, ते आणि जीपचा ड्रायव्हर असे बसलो होतो. हा किस्सा ते बायकोचा बावळटपणा म्हणून सांगत होते, आणि स्वतःच्या अनुभवाची थोरवी म्हणूनही. म्हणे, इतकी वर्षं काढल्यावर नुसत्या नजरेनं कळतं. मी विचारलं, आणि नसेल कळलं तर? ते हसले. "काऊन टेन्शन घेता मॅडम? दोन्ही टमाट्याचेच आहेत ना," म्हणाले आणि चटणी मागवली.

मला सांगा, अशा माणसाच्या हाताखाली काम करायचं म्हणजे काय असतं? मिरच्यांचा खकाणा डोळ्यात गेला तरी माणूस बरा राहतो. मी तिथेच म्हटलं, की त्या दिवसांत क्रॉस केलेली फळं तोडून टाकू. झाडावर कुठल्या घोसापर्यंत आलो होतो ते दिसतंच, तेवढे घोस काढले की बाकीचा माल वाचतो. साहेबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी त्यांची शालच ओढली. मग मी वरच्या मॅनेजरना फोन केला. ते जालन्याला बसतात. सगळं सांगितलं, फ्रीज, बासुंदी, दोरे, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता फळं तोडली तर टार्गेट जाईल, जीओटीत पाहू. जीओटी म्हणजे तयार बियाणं थोडं पेरून, झाडं वाढवून, ती खरोखर त्याच जातीची आहेत का हे बघायची चाचणी. म्हणजे विहिरीत पडायचं आणि मग पाणी किती आहे ते मोजायचं.

काही महिन्यांनी त्या नेटमधल्या बियाण्याचा लॉट फेल झाला, शेजारच्या नेटमधलाही. चाचणीच्या प्लॉटवर साहेब, मॅनेजर आणि मी असे तिघं गेलो. ओळीत झाडं उभी होती, त्यातली बरीच वेगळी. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. सेल्फ झालेलं झाड मादीसारखं दिसतं. लाल दोऱ्याच्या नेटमधल्या मादीचं फळ चपटं, कडांना घड्या पडलेलं. त्या प्लॉटवरची वेगळी झाडं मादीसारखी मुळीच नव्हती. त्यांची फळं लांबट, टोकदार, सगळी एकाच तोंडावळ्याची, जशी शेजारच्या नेटमधल्या नरामुळे होतात तशी. शेतकी शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं, की बायकांनी कळ्या स्वच्छ केल्या होत्या, पराग चुकीचे आले. साहेबांनी एक फळ तोडलं, हातात फिरवलं आणि म्हणाले, "सेल्फच आहे." मॅनेजरांनीही ते फळ हातात घेतलं. त्यांच्याकडे या विषयातली मोठी पदवी आहे. त्यांनी फळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फळ बांधावर ठेवून दिलं.

मला साहेबांपेक्षाही त्यांची जास्त किळस आली. साहेब निदान मूर्ख होते. हा माणूस डोळ्यांनी वाचत होता आणि तोंड शिवून उभा होता.

संध्याकाळपर्यंत दुसरबीडच्या चहाच्या टपऱ्यांवर बातमी पोचली होती, की मावशींच्या टोळीनं सेल्फ केलं. साहेबांनी स्वतः फोन करून दोन-तीन मोठ्या शेतकऱ्यांना सांगितलं होतं, सावध राहा म्हणून. ज्या शेतकऱ्याच्या या दोन नेटमधले लॉट गेले, तो त्या बाजूचा जमीनदार माणूस, त्यानं लागलीच मावशींना यायची गरज नाही असा निरोप धाडला. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. एकानंही मावशींना समोर बोलावून विचारलं नाही, की बाई, झालं काय?

मावशी माझ्या घरी आल्या, दुसरबीडहून एसटीनं मेहकरला. सोबत कुणी नव्हतं. पाणी प्यायल्या, चहा नको म्हणाल्या. त्यांनी सरळ विचारलं, की मॅडम, आमच्या हातून खरंच सेल्फ झालं का? त्या रात्रभर एकेकीचा हात आठवत बसल्या होत्या. कुणाची नजर कमी झाली का, कुणाचं घरी काही बिनसलं होतं का, त्या नव्या पोरीनं घाई केली का. एका बाईला त्यांनी फाडफाड बोलून घेतलं होतं आणि ती रडून माहेरी निघून गेली होती. हे ऐकून मला इतका संताप आला की मी उभीच राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं. फ्रीजपासून त्या लांबट फळांपर्यंत.

मावशींनी पाण्याचा रिकामा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मले काईच नको मॅडम. ज्या तोंडानं त्यायनं आमचं नाव घेतलं, त्याच तोंडानं एक डाव सांगा म्हना का आमची चूक नव्हती. मेळाव्यात सांगा म्हना."

मेळाव्यातच का, तेही सांगते. हंगामाआधी कंपनी बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा मेळावा घेते. भाषणं कुणी ऐकत नाही. खरी गोष्ट जेवणाच्या वेळी होते. ताट हातात घेऊन शेतकरी मुकादमिणींशी बोलतात, कुणाची टोळी कुणाकडे ते तिथेच ठरतं, आणि एकदा ठरलं की हंगामभर कुणी मोडत नाही. त्या दिवशी ज्या टोळीला कुणी विचारलं नाही ती फुटते. बायका दोन-दोन, तीन-तीन करून दुसऱ्या टोळ्यांत जातात नाहीतर गाव सोडतात. मेळाव्याला आठवडा राहिला होता.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. ओरडले नाही, हात जोडूनच बोलले म्हणा ना. तुमचं नाव घेऊ नका, फ्रीजचं सांगू नका, नुसतं एवढं सांगा की तपासणीत बायकांची चूक आढळली नाही. एका वाक्याचं काम आहे. साहेब खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "त्या वस्तीच्या बाया आहेत मॅडम. आज इथी, उद्या तिथी. त्यायचं कसलं आलं नाव?" आणि मग आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात म्हणाले, की मी नोकरदार माणूस, माझं नाव खराब झालं तर मुलीच्या लग्नात अडचण येईल.

या माणसानं विहारामागची वस्ती कधी आतून पाहिली नव्हती. त्या बायकांच्या हातावर त्याची गाडी चालत होती, त्याचा फ्लेक्स लागत होता, आणि त्यांना नाव असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी उठले आणि निघून आले. आणखी बसले असते तर टेबलावरचा पेपरवेट उचलला असता.

मॅनेजरना फोन केला तर त्यांनी आधीच तोडगा काढून ठेवला होता. हुशार माणूस. म्हणाले, आपण मेळाव्यात जाहीर करू की जाळी फाटली होती, मधमाश्या आत शिरल्या, त्यामुळे परागांची सरमिसळ झाली. कुणाचाच दोष नाही. मी म्हटलं, सर, जाळी धड होती, मी रोज बघत होते. ते म्हणाले, मधमाशी कोर्टात जात नाही. आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मी विचारलं, टोळीचं काय? म्हणाले, मधमाश्यांचं सांगितलं की ओघानं आलंच की.

मेळावा दुसरबीडच्या एका मंगल कार्यालयात झाला. आम्हा बायकांकडे कंपनीत तीन कामं कायम असतात, रांगोळी, पाहुण्यांना गुलाबाचं फूल आणि शेवटी आभार प्रदर्शन. बढती मागितली की म्हणतात बघू, आभार मात्र न मागता देतात. त्या दिवशीही कार्यक्रमपत्रिकेत शेवटी माझं नाव होतं. स्टेजवर मॅनेजर, साहेब, तो जमीनदार शेतकरी आणि आणखी दोन पांढरे कपडे. साहेबांना उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून पुन्हा शाल. या माणसाच्या घरी एव्हाना शालींचं दुकान झालं असेल. मग मॅनेजर बोलले, आणि मधमाश्या आल्या. फार सुंदर आल्या. निसर्गापुढे माणूस कसा हतबल असतो हे त्यांनी सांगितलं. टोळीबद्दल एक अक्षर नाही. साहेबांनी भाषणात उलट एवढं जोडलं, की यंदा शेतकरी बंधूंनी टोळी पारखून घ्यावी.

मावशी मागे दाराजवळ, जिथे वाढपी भाताच्या पराती मांडत होते तिथे उभ्या होत्या. सोबत टोळीतल्या सात-आठ जणी. चांगली लुगडी, साड्या नेसून आल्या होत्या. साहेबांचं ते वाक्य झालं तसं आजूबाजूच्या मुकादमिणींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

मग माझं नाव पुकारलं. मी माइक हातात घेतला. नेहमीप्रमाणे अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्यांचे, आचाऱ्यांचे आभार मानले. लोक उठायला लागले होते. मग मी म्हटलं की एक आभार राहिले, साहेबांच्या घरच्या फ्रीजचे. आणि सांगितलं. कुणाला शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, आभाराच्याच सुरात सांगितलं, की सत्काराच्या गडबडीत डब्यांचे दोरे सुटले, साहेबांनी अंदाजानं बांधले, मी त्याच आठवड्यात वर कळवलं, फळं तोडायला परवानगी मिळाली नाही. चाचणीतली फळं लांबट निघाली, मादीसारखी नाहीत. बीजोत्पादन करणाऱ्यांना याचा अर्थ मी समजावून सांगायची गरज नाही. या टोळीच्या हातून एकही कळी चुकलेली नाही, मधमाश्यांचाही काही संबंध नाही, त्यांना उगाच बदनाम करू नये. एवढं बोलून राष्ट्रगीतासाठी उभं राहावं अशी विनंती केली.

राष्ट्रगीत झालं. साहेबांचा चेहरा शालीत लपवता आला असता तर त्यांनी लपवला असता. मॅनेजर फोन कानाला लावून बाहेर गेले, फोन वाजलेला नव्हता. पुढे माझी बदली झाली, शिस्तभंगाचं पत्र आलं, ते सगळं यथासांग झालं. त्याचं मला काही वाटत नाही. लोणारच्या बाजूला आता मिरचीची नेट बघते, आणि तिथे माझा साहेब माणसासारखा आहे.

पण मला सांगायचंय ते जेवणाच्या वेळचं. मला वाटलं होतं की आता मंडपात खळबळ होईल. शेतकरी साहेबांना घेरतील, जाब विचारतील. कुणी विचारलं नाही. सगळे ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. तो जमीनदार स्टेजवरून उतरून मावशींकडे गेला आणि अगदी मोकळेपणानं म्हणाला, बाई, परवापासून या, मी गाडी पाठवतो. जणू मधलं काही झालंच नव्हतं. मी शेजारीच उभी होते. मावशींचा चेहरा उजळला, खोटं कशाला सांगू. त्यांनी विचारलं, "मंग दादा, आता तं तुमाले पटलं ना, का आमच्या हातून झालं नाई?"

तो हसला. म्हणाला, "अवो बाई, आमाले तं तवाच माहीत होतं. ड्रायव्हरनं त्याच आठोड्यात सांगतलं होतं. सगळ्यायलेच माहीत होतं."

बाजूच्या दोघा-तिघांनी ताटावरून मान वर करून होकार दिला. त्यांच्यासाठी ती मोठीशी गोष्टच नव्हती. साहेबांची फजिती झाल्याची गंमत वाटत होती त्यांना, आणि जिलेबी गरम होती. मी ज्यांना फसवले गेलेले लोक समजत होते, ज्यांच्यापुढे सत्य सांगायला नोकरी पणाला लावली, त्यांना ते सत्य माझ्याइतकंच जुनं माहीत होतं.

मावशींनी विचारलं, माहीत होतं तर निरोप का धाडला? तो म्हणाला की साहेबांना वाईट वाटलं असतं. पुढच्या हंगामाचे प्लॉट कुणाला द्यायचे ते त्यांच्याच हातात. ते बोलले ते खोटं कसं पाडायचं? समजून घ्या ना.

भाताची परात घेऊन एक वाढपी मध्ये आला, मावशींनी त्याला वाट दिली. मग त्या म्हणाल्या, "मले वाटे, तुमाले खरंच वाटते का आमच्या हातून चुकलं. म्हनून मले तुमचा राग नवता दादा. आता आला."

तो गोंधळला. त्याला खरोखर कळेना की हिला आता झालंय काय, काम तर देतोय. पुन्हा म्हणाला, गाडी पाठवतो परवा. मावशी म्हणाल्या, "गाडी नका पाठवू. तुमीच या. विहारापाशी माह्या बाया जमवून ठेवतो. त्यायच्यापुढं सांगा का तुमाले माहीत होतं. एक पोरगी रडून माहेरी गेली, तिलेबी बलावतो. मंग येतो आमी."

तो म्हणाला, येतो की. सगळ्यांदेखत म्हणाला.

मावशींची टोळी त्या दिवशी फुटली नाही. सिंदखेडराजाकडचा एक लहानसा शेतकरी, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, तो तिथेच बोलून गेला आणि बायका त्याच्याकडे जाऊ लागल्या. रोज टेम्पोनं लांब जावं लागतं. जमीनदाराच्या नेटमध्ये दुसरी टोळी उभी आहे. मावशींशी माझं अधूनमधून फोनवर बोलणं होतं. मी दरवेळी विचारते, तो जमीनदार विहारापाशी येऊन गेला का? त्या म्हणतात, नाही. त्याच्या घरापासून ती वस्ती इतकी जवळ आहे की विहारात सकाळी लावलेली वंदना त्याला ओट्यावर बसल्या-बसल्या ऐकू येते.